पंचवीस चिंचोके

"किती झाले?" तुम्ही विचारता. भाजीवाली आकडा सांगते आणि ठेल्याला लावलेल्या क्यूआर कोडाकडे बोट करते. फोन पुढे धरला, आकडा दाबला, डब्यातून आवाज आला, पैसे पोचले. सुट्टे शोधणं नाही, मोड परत घेणं नाही. अकोटच्या बाजारात एप्रिलचं ऊन चढायला लागलंय आणि उत्तरेची सातपुड्याची निळी रेघ धुरकट झालीय. डोळ्यांवर तिरीप येते म्हणून तुम्ही क्षणभर डोळे मिटता.

उघडता तेव्हा ठेले नाहीत, हॉर्न नाहीत. धुळीच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी धाब्याची घरं आहेत आणि दारोदार गुढ्या उभ्या आहेत. कळकाच्या टोकाला लुगडं, वर पालथा तांब्या, कडुनिंबाचा डहाळा, बत्ताशाची गाठी. सोमवार, १ एप्रिल १९५७. शके १८७९ चा पाडवा. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत हे गाव मध्य प्रदेशात होतं, कागद नागपूरला जात होते. १ नोव्हेंबर १९५६ पासून ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आलंय. त्याची चर्चा अजून संपलेली नाही, तोच आज दुसरी निघालीय. आजपासून रुपयाचे शंभर नवे पैसे.

एका घराच्या ओट्यावर बरीच माणसं जमलीत. मधे चटईवर मास्तर बसलेत. शाळेला सुट्टी आहे, पण आज गावाला शाळेपेक्षा मास्तरांची गरज जास्त आहे.

"या पाव्हने, बसा," कुणीतरी सरकून तुम्हाला जागा करून देतं. तुम्ही कोण, कुठले, हे विचारायला सध्या कुणाला सवड नाही, कारण एक म्हातारी भाजीवाली तावातावानं बोलतेय.

"गुरुजी, माहा एक पैसा कोनं खाल्ला ते सांगा आधी. एका आन्याचे सहा नवे पैसे, असं पोस्टातल्या बाबूनं सांगतलं. मी चार वाटे इकीन, आन्याले एक. सहा चोक चोवीस. आन् चार आन्याचे पंचवीस, हेबी त्यानंच सांगतलं. मंग एक पैसा गेला कुठी?"

ओट्यावरची पोट्टी खिदळतात. मास्तर त्यांच्याकडे नुसतं बघतात, तशी ती गप्प होतात.

"माय, तुझा प्रश्न बरोबर आहे," ते म्हणतात आणि घरात आवाज देतात. आतून चिंचोक्यांचं गाडगं येतं. "यातले पंचवीस मोज."

म्हातारी मोजते. "लाभ, दोन, तीन, चार..." एकाला ती एक म्हणत नाही, लाभ म्हणते. धान्याची मापं टाकताना पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, ही बाजाराची रीतच आहे.

"आता चार वाटे घाल. सारखे."

तिची बोटं सराईत आहेत. सहा, सहा, सहा, सहा. एक चिंचोका तळहातावर उरतो. ती तो उचलून सगळ्यांना दाखवते. "हाच! हाच माहा पैसा!"

"हाच. आण्यात सहा पैसे नाहीत माय, सव्वासहा आहेत. पण पाव पैशाचं नाणं सरकार पाडत नाही. मग एका वाट्यामागं पाव पैसा तुझ्या हातून सुटतो. चार वाट्यांचे चार पाव, तो हा एक." मास्तर पाटीवर पुढचं लिहून दाखवतात. दोन आण्यांचे खरे साडेबारा, मिळणार बारा. तीन आण्यांचे खरे पावणेएकोणीस, मिळणार एकोणीस. अर्धा किंवा त्याहून कमी असेल ते सोडायचं, अर्ध्याहून जास्त असेल तर पुरा धरायचा, असा कायदाच आहे. नऊ पैचं पोस्टकार्ड त्याच हिशेबानं पाच नव्या पैशांचं झालंय.

"मंग म्या काय करू?" म्हातारीला कायद्यात गोडी नाही.

"तेच चिंचोके पुन्हा एकत्र कर. आता पाच वाटे घाल."

पाच, पाच, पाच, पाच, पाच. हातात काही उरत नाही. म्हातारी दोनदा मोजते.

"ज्या टोपल्यातून तू चार वाटे काढत होतीस, त्यातून पाच काढ. वाटा थोडा लहान होईल. पाच पैशाला एक दे. टोपलं संपलं की बरोबर पंचवीस."

ती मान हलवते, पंचवीस चिंचोके पदराच्या गाठीला बांधते आणि उठते. उद्यापासून अकोटच्या बाजारात तिचा वाटा पाच पैशांचा असेल. तुम्ही मनात शंभर भागिले सोळा करून सव्वासहा कधीच काढले होते. पण तुमच्या उत्तरानं तिचा पैसा तिला सापडला नसता, हे तुम्हाला आता कळतंय.

आठ-दहा वर्षांचा एक पोरगा पुढे सरकतो. "गुरुजी, सोळाच आने कायले होते मंग? पयल्यापासून शंभर केले असते त?"

मास्तर वहीचा कोरा कागद त्याच्या हातात देतात. "निम्मा दुमड. पुन्हा निम्मा. पुन्हा. आणखी एकदा. उघड आणि चौकोन मोज." सोळा भरतात. "आता शंभर निम्मे कर." पन्नास. पंचवीस. पोरगा अडतो. साडेबारा म्हणतो आणि मास्तरांकडे बघतो. पुढं सव्वासहा. त्याच्या पुढं तो जात नाही.

"बाजारात माणसं निम्मं-निम्मं करत जातात. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. शेराचे छटाक किती?"

"सोळा!"

सोळा हा हातानं आणि डोळ्यानं निम्मं करणाऱ्यांचा आकडा आहे. शंभर हा कागदावर मांडणाऱ्यांचा. रुपये-आणे-पैंचे गुणाकार करताना आधी बारानं, मग सोळानं भागून हातचे नेताना मुलांचे डोळे पांढरे व्हायचे. दशमान आलं आणि ती कसरत सुटली, हे चांगलंच झालं. पण त्या सोळाबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही हळूहळू शाळेतून गेले, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. औट म्हणजे साडेतीन. मूळ शब्द अर्धचतुर्थ, म्हणजे तीन पुरे आणि चौथा अर्धा. अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धा. अपूर्णांकाला आपल्या भाषेनं नुसतं नाव दिलं नाही, तो कसा समजून घ्यायचा हेही त्या नावात ठेवलं. "बे औट सात" म्हणणाऱ्या मुलाला साडेतीन दुणे सात हे कुणी सिद्ध करून दाखवावं लागत नव्हतं. आणि ज्या पाडव्याच्या दिवशी तुम्ही या ओट्यावर बसलात, तो साडेतीन मुहूर्तांपैकीच एक. त्यातला अर्धा कोणता, यावर मात्र दोन मतं आहेत. कुणी बलिप्रतिपदेला अर्धा म्हणतं, कुणी अक्षय्य तृतीयेला.

आता ओट्याच्या पायरीवर इतका वेळ उकिडवा बसलेला एक माणूस बोलतो. अंगात बंडी, डोक्याला शेला. पाडवा त्याच्यासाठी नुसता सण नाही. वऱ्हाडात सालदाराचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं लागतं. आज त्याला मालकाकडे जाऊन बोली करायची आहे.

"गुरुजी, मालक म्हनते दोन सालाचं एकदमच ठरवून घे. सालाचे दोनशे चाळीस, वर जवारी. दोन्ही सालं सारकेच पैसे. घेऊ का?"

मास्तर लगेच उत्तर देत नाहीत. घरातून पंचांग मागवतात. त्यांची पानं उलटणारी बोटं तुम्ही पाहता. हिशेब सोपा आहे, तरी ते दोनदा करतात, कारण समोरच्याचं पूर्ण वर्ष त्यावर टांगलेलं आहे.

"हे साल आजपासून पुढच्या पाडव्यापर्यंत. तीनशे चोपन्न दिवस. त्याच्या पुढचं साल बघ. त्यात श्रावण दोनदा येतो. अधिक श्रावण. ते साल तेरा महिन्यांचं. तीनशे चौऱ्याऐंशी दिवस."

सालदार ऐकत राहतो.

"दोनशे चाळीस रुपयांचे आणे किती? तीन हजार आठशे चाळीस. यंदा दिवसाला पावणेअकरा आण्यांच्या थोडे वर पडतात. पुढच्या साली तीनशे चौऱ्याऐंशी दिवसांनी भाग. बरोबर दहा आणे. मोट तीच, औत तेच, आणि रोजचे पाऊण आण्याहून जास्त गेले."

"म्हंजे तेरावा महिना मी फुकट राबीन?"

"फुकटच."

ओट्यावर शांतता पसरते. अधिक महिना काही मालकानं काढलेला नाही. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी पडतात, तो फरक साठत जातो आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढवून भरून काढावा लागतो. आकाशातल्या या तडजोडीची किंमत मात्र खाली सालदार चुकवतो. मास्तर हे सगळं दोन वाक्यांत सांगतात आणि तिसरं वाक्य व्यवहाराचं बोलतात. "महिन्याचे वीस रुपये होतात तुझे. दोन सालांची बोली करायची तर अधिक महिन्याचे वीस वेगळे माग. दोनशे साठ म्हण. कारण विचारलं तर पंचांग दाखव."

सालदार "वीस" असं दोनदा पुटपुटतो आणि पायरी उतरतो. मालक काय म्हणाला ते तुम्हाला कळणार नाही. पण त्याला आता कशाचे पैसे मागायचे ते ठाऊक आहे.

मागाहून सतरंजी विणणारा येतो. अकोटच्या सतरंज्यांना दूरवर नाव आहे. त्याची तक्रार अशी की सतरंजी मागावर सरळ दिसते आणि जमिनीवर पसरली की एक कोपरा पळतो. मास्तर त्याला सुतळी देतात. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात माप, मग दुसऱ्या जोडीचं माप. दोन्ही सारखी आली तर सतरंजी नीट, नाहीतर तिरपी. नवा माग बसवताना सुतळीला सारख्या अंतरावर बारा गाठी मारून तिचा तीन, चार आणि पाचाचा त्रिकोण कर, तीन आणि चाराच्या मधला कोपरा काटकोन होतो. "गवंड्याचा गुण्या तोच," विणकर म्हणतो, आणि मास्तर "तोच" म्हणतात.

आता पोरांचं लक्ष तुमच्याकडे वळतं. "पाव्हने, तुमाले येते का काही?"

तुम्हाला एक येतं. तुम्ही पाटी घेता आणि चालू साल लिहिता, १९५७. अंक उतरत्या क्रमानं लावा, ९७५१. चढत्या क्रमानं, १५७९. वजा करा. ८१७२ येतात. पुन्हा तेच. ८७२१ वजा १२७८, ७४४३. मग ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. मग ७६४१ वजा १४६७, ६१७४. पुढं? पोरं पुन्हा लावतात. ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४. आकडा तिथून हलतच नाही.

ओट्यावर एकच गलका होतो. जो तो आपल्या मनातला आकडा घेऊन बसतो. एकजण मुद्दाम ३३३३ घेतो आणि शून्यावर येऊन पडतो. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. बाकी कुठल्याही आकड्यावरून निघा, सात वजाबाक्यांच्या आत ६१७४ येतो. तुम्ही सांगता की हे शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आत्ता, या घडीला, नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर आहेत. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा आकडा मांडला. मास्तर एकदम ताठ बसतात. "शाळामास्तर?" ते विचारतात. तुम्ही हो म्हणता. ते पुन्हा काही बोलत नाहीत, पण पाटी स्वतःकडे ओढून घेतात आणि पहिल्यापासून करून बघतात.

दाराच्या चौकटीला टेकून एक मुलगी इतका वेळ बघत होती. ती म्हणते, "सगळ्या उत्तरांची बेरीज नवात येते. आठ, एक, सात, दोन, अठरा. तीन, नऊ, नऊ, सहा, सत्तावीस." हे तुम्ही तिला सांगितलेलं नव्हतं. मास्तर कारण सांगतात. आकडा नवानं भागला की उरते तेवढीच बाकी त्याच्या अंकांच्या बेरजेलाही उरते. अंक तेच ठेवून नुसती जागा बदलली तर बेरीज बदलत नाही, म्हणजे बाकीही बदलत नाही, आणि दोन्हीची वजाबाकी केली की बाकी उडून जाते. मुलगी ऐकते आणि विचारते, "मंग नवाच्या पाढ्यातले बाकी सगळे सोडून ६१७४ च कायले?" मास्तर तुमच्याकडे बघतात, तुम्ही मास्तरांकडे. "हा प्रश्न पाटीवर तसाच राहू दे," ते म्हणतात. "पुसू नको."

तुम्ही ओट्यावरून उतरता. गुढीच्या कळकाला हात लागतो आणि पायाखालची जमीन सरकते.

१८९७ चा हिवाळा. कळक आता गुढीचा नाही, कापसाच्या गाडीच्या बाजूला बांधलेला आहे. गाड्याच गाड्या, पांढरे डोंगर, कापसाचा फुफाटा नाकात. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार नियमांखाली आला आणि यंदा सबंध वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झालाय. पण भाव अजून उपरण्याखाली ठरतो. दलाल आणि व्यापारी एकमेकांची बोटं दाबतात, ज्याचा कापूस तो शेजारी उभा राहून उपरण्याच्या हालचाली बघतो. त्याला प्रश्न विचारायला जागाच ठेवलेली नाही.

त्याच्या सोबतचा मुलगा पंतोजीच्या शाळेत जातो, धूळपाटीवर अंक काढतो, संध्याकाळी परवचा म्हणतो. "बाबा, कापसाची खंडी केवढी?" अठ्ठावीस रत्तलांचा मण आणि असे अठ्ठावीस मण. मुलगा डोळे मिटतो. तीस घेतले असते तर आठशे चाळीस. दोन जास्त धरले, म्हणजे छप्पन्न गेले. "सातशे चौऱ्याऐंशी रत्तल." मापाडी चमकून बघतो. तुमच्या खिशात फोन आहे, तो तुम्ही बाहेर काढत नाही. आजही मुंबईच्या कापूस बाजारात भाव खंडीवर बोलतात. त्या खंडीचे ३५५ किलो आणि वर थोडे, हे त्याच अठ्ठावीस अठ्ठ्याविसांचं रूपांतर आहे.

आणखी मागे जाताना नरनाळ्याचा किल्ला तुमच्या उजव्या हाताला एकदा झळकतो. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे गेलं आणि नरनाळा त्याच्या एका सरकारचं ठाणं झालं. त्याच्या दरबारात रुपयाचे चाळीस दाम. त्याच दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये एक संस्कृत गणिताचं पुस्तक फारसीत आणलं. लीलावती हे त्याचं नाव. ज्योतिष्याच्या घटिकापात्रात मोती अडकला आणि लेकीच्या लग्नाची वेळ टळली, म्हणून बापानं तिच्या नावानं ग्रंथ लिहिला, ही गोष्ट फैजीच्या प्रस्तावनेतून आपल्यापर्यंत आली.

पावलं टेकतात ती खानदेशात, चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीतल्या पाटणला. शके ११२८. मठात मुलं बसलीत. हा मठ चांगदेवांचा. ते यादव राजा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी आणि भास्कराचार्यांचे नातू. आजोबांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, सिद्धान्तशिरोमणी लिहिला, लीलावती त्याचाच पहिला भाग. ते ग्रंथ शिकवले जावेत म्हणून हा मठ.

मुलं कोष्टक घोकतायत. बोली तुम्हाला अर्धीमुर्धी कळते, पण आकडे कळतात. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. तुमच्या अंगावर काटा येतो. सोळा. साडेसातशे वर्षांनंतर अकोटच्या ओट्यावर ज्या सोळाचा दुमडलेला कागद तुम्ही पाहिलात, तो इथे या मुलांच्या तोंडी आहे. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण, सोळा द्रोणांची खारी. पुन्हा सोळा.

आचार्य प्रश्न घालतात. सपाट जमिनीवर बत्तीस हात उंच वेळू उभा आहे. वाऱ्यानं तो मोडला आणि शेंडा मुळापासून सोळा हातांवर टेकला. किती उंचीवर मोडला? तुम्ही बीजगणित आठवायला लागता, क्ष मांडायला लागता, तोवर एक मुलगा वाळूवर बोट फिरवून मोकळा होतो. सोळाचा वर्ग दोनशे छप्पन्न. बत्तिसानं भागले, आठ. बत्तिसातून आठ गेले, चोवीस. त्याचे निम्मे बारा. बारा हातांवर मोडला. उभा बारा, आडवा सोळा, तिरपा वीस. चारानं भागून बघा. तीन, चार, पाच. सतरंजीवाल्याच्या सुतळीच्या बारा गाठी.

इतक्यात दाराशी तेली येतो. मठाला दान देणाऱ्या निकुंभ राजा सोइदेवानं इथल्या व्यवहारातला काही वाटा मठाला लावून दिलाय, त्यात दर घाण्यामागं पळी-पळी तेलही आहे. तेली आपली पळी पुढे करतो आणि त्याचा प्रश्न विचारतो, तो तुम्हाला हातवाऱ्यांवरून समजतो. शेजाऱ्याची पळी माझ्या पळीपेक्षा लहान आहे. मी जास्त का देऊ? आचार्य लीलावती बाजूला ठेवतात. मठाची पळी मागवतात, पाण्यानं भरतात, तेल्याच्या पळीत ओततात. ती भरत नाही, कडेला बोटभर जागा राहते. सगळ्यांनी बघितलं. तेली समाधानानं मठाच्या पळीनं तेल घालून जातो.

तेल्याचा हा प्रश्न मी कल्पिला आहे. पाटणचा शिलालेख मात्र खराच आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्याचा बराचसा भाग संस्कृतात आहे. भास्कराचार्यांची वंशावळ, विद्वत्तेची स्तुती, राजाची कीर्ती, सगळं संस्कृत. पण कुणी काय आणि किती द्यायचं, हे सांगायची वेळ आली तिथं तो लेख मराठीत उतरतो. ज्याला मापायचं आहे, त्याला त्याच्या भाषेत माप सांगितलं आहे. गणित कसं समजवावं याबद्दल मी वाचलेलं सगळ्यात शहाणं वाक्य कुठल्या पुस्तकात नाही, ते त्या दगडावरच्या या बदलात आहे.

डोळ्यांवरची तिरीप हलते. अकोट, भाजीबाजार, क्यूआर कोड. भाजीवालीची नात ठेल्यामागे पोत्यावर बसून अभ्यास करतेय. तिला दुसरीचं गणित आहे. "एकोणतीस म्हनते त तीस आइकू येते, मंग लिहाचं दोनावर नऊ कायले?" ती कुणाला उद्देशून विचारत नाही, तरी विचारते.

हाच प्रश्न मंगला नारळीकरांनी मनावर घेतला होता. गणितगप्पा लिहिणाऱ्या, बालभारतीच्या गणित समितीचं काम पाहणाऱ्या मंगलाताई. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं, आणि केवढा गदारोळ झाला. भाषा बिघडवली म्हणून टीका झाली, विधानसभेत विषय निघाला. एकवीस काढून टाकलं नव्हतं, अडखळणाऱ्या मुलाला धरायला एक कठडा दिला होता. मला तो कठडा योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या. प्रश्न मात्र पोत्यावर बसून तुमच्याकडे बघतोय.

तुम्ही तिच्या शेजारी टेकता. तिसातला एक उणा, एक-उण-तीस, म्हणून एकोणतीस. तीस अजून भरले नाहीत, म्हणून आधी दोन लिहायचे. ती बोटांवर करून बघते. एकोणचाळीस. एकोणपन्नास. मग थांबते. "नव्याण्णवमंदी एकोणशंभर कायले नाही म्हनत?" आजी हसते आणि म्हणते, "सोळा आने खरं बोलली पोट्टी." नात लगेच वळते. "आजी, सोळाच आने कायले?"

पंचवीस पैशांचं नाणं, म्हणजे चार आणे, ३० जून २०११ नंतर चलनात राहिलं नाही. या मुलीनं आणा कधी पाहिलेला नाही, चार आणेही पाहिलेले नाहीत. तरी तिनं विचारलं आहे, आणि तुम्ही नुकतेच तिथूनच आला आहात. तुमच्या घरीही हा प्रश्न कधीतरी येईल. तेव्हा फोन बाजूला ठेवा, वहीचा एक कोरा कागद घ्या, आणि स्वयंपाकघरातून पंचवीस चिंचोके मागवा.